तरीवरची पेज

माझ्या नाकावर राग असतो असं घरात सगळेच म्हणतात. आईला गाडीत घालून कामांना निघायचं असलं की तो तिथून उतरतच नाही. त्या दिवशीही सकाळपासून तसंच चाललं होतं. भावाचं लग्न जवळ आलेलं आणि नवरदेव स्वतः बोटीवर नोकरीला, लग्नाच्या तोंडावर उगवणार. तेव्हा राहिलेल्या पत्रिका वाटणं, शिंप्याकडून आईचा झगा आणणं, नारळ सांगून ठेवणं, पदेराच्या भट्टीवर पावाची ऑर्डर देणं आणि सान्नांचं, म्हणजे आमच्या इडल्यांचं, पीठ फुगवायला ताजी माडी कोण देईल ते बघणं, हे सगळं आमच्या दोघींच्या माथी आलं होतं. मी शाळेतून रजा काढली होती. रजेच्या दिवशी शाळेपेक्षा जास्त दमणूक होते, हा माझा अनुभव.

आई मागच्या सीटवर बसते. पुढे बसलं की पट्टा गळ्याला काचतो म्हणते. मागे बसून ती मला वाट दाखवते, आणि ज्या रस्त्यावरून मी रोज जाते त्यावरचेही खड्डे आधी सांगते. मांडीवर तिचा डबा असतो. डब्यात पेज आणि वर ताटलीत मिठाच्या पाण्यातली कैरी. दुपारी साखरेची गोळी घ्यायची असते आणि हॉटेलातलं तिला चालत नाही, त्यामुळे आम्ही जिथे जातो तिथे तो डबाही येतो.

कामांमधलं सगळ्यात अवघड काम मात्र कुठल्या दुकानात मिळणारं नव्हतं.

आमच्या ख्रिस्तांव घरांत लग्नाआधी एक जेवण असतं. त्याला भिकाऱ्यांचं जेवण म्हणतात. घरातून जी माणसं देवाघरी गेली त्यांच्या नावाने गरीब माणसं बोलवायची, एकेकाच्या नावाने एकेक. त्यांना पानावर बसवायचं, घरच्या बाईने आपल्या हाताने वाढायचं. जेवून उठताना ती माणसं गेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात आणि घराला आशीर्वाद देतात. मेलेली माणसं जेवली, आता जिवंतांनी लग्नाला लागावं, असा तो हिशेब. त्यानंतरच नवऱ्यामुलाला हळदीसारखा नारळाचा रस लावायचा.

मला हे सगळं जुनाट वाटायचं. एखाद्या आश्रमात एक दिवसाचं जेवण देऊन टाकू, असं मी आईला सुचवून पाहिलं होतं. "आणि थंय तुझ्या पपाच्या नावान कोण बसतलो?" ती म्हणाली. "पावती फाडणारो?"

सगळं येऊन अडत होतं ते पपांपाशीच.

पपा गेले ते हॉस्पिटलात. शेवटी त्यांच्या नाकात नळी होती. तोंडावाटे काही द्यायचं नाही, घोट छातीत गेला तर भलतंच होईल, असं डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. पपांना मात्र ते पटत नव्हतं. त्यांना पेज हवी होती. आयुष्यभर सकाळी पेज जेवून घराबाहेर पडलेला माणूस. आई खाटेजवळ बसली की ते हळूच म्हणायचे, "वायच पेज दी गो." आई ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायची आणि खिडकीकडे बघत राहायची. मागता मागताच ते गेले. त्यानंतर आई त्याबद्दल फक्त एकदाच बोलली, चुलीसमोर बसून, माझ्याकडे न बघता. "तेका मी उपाशी धाडलंय."

म्हणून तिला पपांच्या पानावर असं तसं माणूस चालणार नव्हतं. आजी, आजोबा आणि लहानपणी गेलेली आत्या, यांच्या नावाने बसायला माणसं ठरली होती. तिथे तिने फारशी चिकित्सा केली नव्हती. पपांसाठी तिला पुरुष हवा होता, वयाने मोठा, आणि पोटभर, चवीने जेवणारा. विशेषतः पेज जेवणारा. इतक्या अटी तिने जावई बघतानाही घातल्या नव्हत्या.

पहिलं घर होतं ते ज्याचे वडील आजीच्या वेळी आमच्याकडे या जेवणाला येत असत त्याचं. आता तिथे चिऱ्याचं पक्कं घर, दारात दोन रिक्षा. त्याने आम्हाला ओट्यावर बसवलं, बायकोने चहा आणला. आईने कप हातात घेतला आणि सरळ विषयाला हात घातला. "आमच्याकडे भिकाऱ्यांचा जेवाण आसा. तू येशीत मां?"

त्याचं तोंड उतरलं. बायको आत निघून गेली. मी लग्नाची पत्रिका पुढे केली, काहीबाही बोलले, चहा एका घोटात संपवला आणि आईला दंडाला धरून उठवलं.

गाडीत बसल्यावर माझा पारा चढला. "मांय, माणसाच्या दारात जावन तेका भिकारी म्हणतंस?"

"तेचो बापूस येय."

"बापूस गरीब होतो."

"मगे? नाव काय मी ठेवलंय?" आई म्हणाली. "जेवणाचा नावच ता." तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या लेखी त्या पानावर बसणं हा मान होता. आपल्या घरचा मेलेला माणूस जेवायला बसावा तसं वाढणार होती ती त्याला. हे त्या माणसाला कसं समजावून सांगायचं ते मलाही समजत नव्हतं, त्यामुळे मी तिच्यावरच चिडले.

बाजारात शिंप्याकडचं काम होईपर्यंत ती देवळाच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या माणसांना बघून आली. पहिल्याला तिने दात नाहीत म्हणून नापास केलं. "चिवडीत बसतलो. पपा असो जेवतलो?" दुसरा धट्टाकट्टा होता, पण पत्ता ऐकून त्याने विचारलं, इतक्या लांब कशाला, पार्सल मिळेल का? आई तिथून फिरली ती सरळ गाडीत येऊन बसली. मला हसू येत होतं. आरशात तिचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ती घाबरली होती. दिवस जवळ येत चालले होते आणि पपांचं पान रिकामं राहणार, ही भीती तिला होती. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मी आणखी तुसड्यासारखं बोलते, हा माझा जुना रोग. "आता पदेर," मी म्हटलं, "आणि मग घर."

भट्टीवर पावाची ऑर्डर देता देता आईने पदेरालाही विचारलं. एवढं खरं, की मघाच्या प्रकारानंतर तिने यावेळी जरा घोळवून विचारलं. पीठ झटकत तो म्हणाला, "पुलाखाली एक म्हातारो बसान असता. एकटोच. दिवसभर. कोण नाय वाटता तेका. सुकलेलो आसा." एवढ्यावर आईने गरम पावांची पिशवी उचलली आणि निघालीसुद्धा.

पूल म्हणजे खाडीवरचा पूल. पलीकडच्या तीरावर माझी शाळा. मी रोज दोनदा त्यावरून जाते. पुलाखाली बसायला काही जागा असेल हेच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पूल सुरू होण्याआधी डावीकडे बांबूच्या बेटातून एक पायवाट उतरते. तिथे गाडी लावली. वाट चिऱ्यांची निघाली, पायऱ्या पायऱ्यांची, कधीकाळी चांगली रुंद असणार. आई एका हाताने माझा खांदा धरून आणि दुसऱ्या हाताने डबा सांभाळत उतरत होती. "पाय बघ," मी म्हणत होते. "तू तुझे बघ," ती म्हणत होती.

खाली उतरलो आणि समोर खुरीस, म्हणजे क्रूस.

चिऱ्याचा, चुना लावलेला, माझ्या उंचीच्या दुप्पट तरी असेल. वस्तीत नाक्या-नाक्यावर खुरीस असतात आणि त्यांचं आम्हाला काही विशेष वाटत नाही, पण एवढा मोठा मी कुठल्या नाक्यावर पाहिलेला नव्हता. पायथ्याशी दिव्याचा कोनाडा, काजळीने काळा झालेला. आणि खुरिसाला चारी बाजूंनी वेढून दगडी सोपो, माणसांनी बसून बसून कडा गुळगुळीत झालेला. शेजारी एक जुना फणस, त्याची सावली बरोबर सोप्यावर. सोप्याच्या पुढून पायऱ्या थेट खाडीच्या पाण्यात उतरत होत्या. खालच्या पायऱ्यांना कालवं चिकटलेली. डोक्यावरून पूल जात होता, ट्रक गेला की घुमल्यासारखा आवाज यायचा. म्हणजे रोज सकाळी गाडीच्या चाकाखाली हे होतं, आणि मी वर हॉर्न वाजवत होते.

आईने खुरीस काढला, म्हणजे कपाळापासून छातीपर्यंत बोटांनी क्रूसाची खूण केली, आणि सोप्यावर बसलेल्या माणसाकडे गेली.

पदेराने सांगितलं तसा तो होता. म्हातारा, वाळलेला, एकटा. कमरेला पंचा आणि अंगात डॉल्फिनचं चित्र असलेला निळा टी-शर्ट. पाण्याकडे बघत बसला होता. आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं, दात असल्याची खात्री करून घेतली, मग शेजारी बसून सगळं सांगितलं. मुलाचं लग्न, गेलेला नवरा, त्याच्या नावाचं पान. मी मध्ये बोलायच्या तयारीत होते, पण या वेळी तिने नीट सांगितलं. फक्त शेवटी जेवणाचं नाव घेतलंच.

म्हातारा हसला. अगदी मोकळं हसला. "अगो बाय, माझे झील डॉल्फिन दाखवतत पर्यटकांक. घराक एशीची खोली आसा, पर्यटक रवतत तेत. मी हय येवन बसतंय, कारण घरात बसाक जागा नाय माका." मग जरा थांबून म्हणाला, "लग्नाक बोलव, येतंय. भिकारी म्हणान येवचंय नाय."

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. आईने मान हलवली. इतका वेळ तिने धरून ठेवलेला धीर तिथे सुटला असावा, कारण ती उठलीच नाही. घामेजलेला चेहरा रुमालाने पुसत बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं. मी म्हटलं, "मांय, गोळीची वेळ झाली. जेव तू हयच." तिने डबा उघडला. पेजेचा उकड्या तांदळाचा वास आला. तिने ताटलीतली कैरी बाजूला केली.

"काय हाडलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पेज."

"मगे वाढ."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. घरी एसीची खोली आणि परक्या बाईच्या डब्यातली पेज मागतोय. काही बोलणार होते, पण त्यानेच माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "ह्या सोप्यार बसल्यार एकट्यान खावचा नाय," तो म्हणाला. "तरीचो नेम तो."

इथे पूर्वी 'तर' होती, होडीने खाडी ओलांडायची जागा; पूल होण्याआधी तो या तरीवर होडी चालवायचा. ओहोटी असली की होडी चिखलात रुतायची. मग या तीरावरच्या माणसांनी पाणी भरेपर्यंत इथे बसून राहायचं. शाळेची पोरं, बाजाराच्या बायका, कोर्टात तारीख असलेली माणसं, सगळीच. पोटात भूक, पुढे वाट बघणं. कुणीतरी आपली शिदोरी सोडायचा, मग दुसरा सोडायचा. कोण कुणाचा, कुठल्या देवाचा, हे कुणी विचारायचं नाही. जो एकटा खाईल त्याला होडीत घ्यायचं नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. "सगळ्यांक घेय मां," तो म्हणाला, "पण तसा म्हणा."

आईचा हात डब्यावर तसाच थांबला होता. "तर हय होती?"

"हय नायतर खंय?"

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. घरी पेज जेवताना पपांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पहिला घोट घेऊन ते म्हणायचे, "बरी आसा, पण तरीवरची नाय." आई दरवेळी चिडायची. आपल्या पेजेला नावं ठेवायची पपांची ती एक रीत आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. ती तर कुठली, तिथली पेज कसली, हे कधी कुणी विचारलं नाही. आई शिरोड्याकडची, लग्न होऊन आली तेव्हा पूल झालेला होता. पपा मात्र याच तीरावर वाढले आणि पलीकडच्या हायस्कुलात शिकले. ते त्या काळी हायस्कुलात जात होते म्हणजे कुठून जात होते, याचा विचार त्यांच्या शिक्षिका झालेल्या मुलीनेही केला नव्हता.

आईने म्हाताऱ्याला विचारलं. उंच पोरगो, कपाळ मोठा, हसतो तेव्हा डोळे मिटतो, लक्षात आहे का?

"तशे बरेच येवचे गो," म्हातारा म्हणाला. "तोंडां खंय लक्षात रवतत? पाणी भराची वाट बघी आमी."

मला त्याचा राग आला. निदान आईसाठी थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? आईला मात्र तसं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने डब्याचं झाकण उलटं धरलं आणि त्यात पेज ओतली. म्हाताऱ्याने हात वर करून फणसाचं एक पान तोडलं, दुमडलं, काडी खोचून त्याचा चमचा केला. पपाही पेज तशीच जेवायचे. स्टीलचा चमचा तोंडाला लागला की पेज लोखंडाची लागते म्हणायचे, आणि परसातल्या फणसाचं एक पान रोज खर्ची पडायचं.

तो जेवायला लागला. आवाज करत, फुरकत, मध्येच कैरीचा तुकडा चोखत. आई आपलं जेवायचं विसरून बघत होती. तो खातो आहे, गिळतो आहे, घशाचं हाड वरखाली होतं आहे, एवढंच ती बघत होती. पुलावरून एक गाडी गेली. खाडीला भरती लागत होती, एक एक पायरी पाण्याखाली जात होती.

झाकण रिकामं झालं. म्हाताऱ्याने ते पुढे केलं.

"वायच आजून दी गो."

आईने डबा उचलला. तिने ओतलं, झाकण भरलं, तरी ओतत राहिली. तळाचं शीत तेवढं बोटाने पुसून घातलं. तिची स्वतःची पेज, तिच्या गोळीआधीची. "अगो मांय, तुका..." असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी वेळेवर गप्प बसल्याचे प्रसंग फार नाहीत, आणि त्यात हा पहिला ठेवावा लागेल.

त्याने सगळी पेज संपवली. झाकण पायऱ्यांवर जाऊन खाडीत विसळलं, पंचाला पुसून आईच्या हातात दिलं. "बरी होती," म्हणाला. मग खुरिसाच्या पायथ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आईकडे वळून म्हणाला, "देव तुझा बरा करो." त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती मला तेव्हा दिसली.

चढण चढताना आई माझ्या खांद्याला न धरता चढली. गाडीत बसल्यावर मी तिला पिशवीतला पाव दिला. तिने तो कोरडाच खाल्ला, गोळी घेतली, पाण्याची बाटली बंद केली. मला वाटलं, दुःखी झाली असेल. दिवस फुकट गेला, पपांचं पान अजून तसंच. पहिल्यांदाच मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "उद्या धामापुराकडे जाऊया. थंय कोणतरी गावतलो."

"नको," आई म्हणाली.

"मगे पपाच्या पानार कोण बसतलो?"

"पपाचा पान मांडूचा नाय."

मी आरशात बघितलं. ती रिकामा डबा मांडीवर घेऊन पुलाच्या कठड्याकडे बघत होती, जिथून खालचं काही दिसत नाही.

"तो जेवलो," आई म्हणाली. "मागल्यान, आणि मी दिलंय."